चाक हलके होताना : शिरूर-दौंडच्या वाटांवरून

‘चाकाचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न इतिहासाच्या तासाला हमखास येतो. त्याचे उत्तर ‘निश्चित सांगता येत नाही’ असे देऊन आपण पुढे सरकतो. उत्तर चूक नाही, पण प्रश्नातच एक गृहीत दडलेले आहे आणि ते तपासायला हवे. चाक ही एकाच वेळी, एकाच डोक्यातून निघालेली वस्तू आहे असे तो प्रश्न धरून चालतो.

आजकाल वरच्या वर्गातील विद्यार्थी दुसराही एक प्रश्न विचारतात. डोंगरवाटांवर चालवायच्या गिअरच्या सायकली आता तालुक्याच्या गावीही मिळतात. त्या सायकलीची मूळची चाके काढून हलकी चाके बसवली तर फायदा होतो का, आणि अशी चाके इकडच्या रस्त्यांवर टिकतील का, असे त्यांना जाणून घ्यायचे असते. आमच्या मते हे दोन प्रश्न एकाच विषयाची दोन टोके आहेत. चाक हलके करायचे आणि तरी ते मोडू द्यायचे नाही, हा खटाटोप किमान चार हजार वर्षे चालू आहे. त्याचे बरेचसे टप्पे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या आसपास पाहायला मिळतात.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरे, धान्य साठवण्याच्या सोयी, नदीचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट असे पुष्कळ काही तेथे सापडले. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या झाकणाच्या पेटीत एक शिरोहीन स्त्रीमूर्ती आणि एक बैल मिळाला. ती मूर्ती बैलाच्या पाठीवर बसवता येते. बैलाचे स्थान त्या काळीही काय होते हे यावरून दिसते. जोर्वे पद्धतीची त्यांची मडकी चाकावर घडवलेली आहेत. म्हणजे फिरत्या चाकाचे तत्त्व घोडकाठच्या कुंभाराला तीन हजार वर्षांपूर्वी चांगले ठाऊक होते.

वाहनाच्या चाकासाठी मात्र थोडे उत्तरेला, प्रवरेच्या काठी दायमाबादला जावे लागते. तेथे १९७४ साली चार ओतीव धातूशिल्पे सापडली : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर भरते. रथात एक पुरुष उभा आहे. त्या रथाची चाके भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. शिल्पांच्या नेमक्या काळाविषयी पुरातत्त्वज्ञांत वाद झाला; उत्तर हडप्पा काळाशी त्यांचा संबंध बहुतेक जण मानतात. उत्तर प्रदेशातील सिनौली येथे २०१८ मध्ये मिळालेल्या वाहनांची चाकेही भरीवच होती, फक्त त्यांवर तांब्याचे त्रिकोणी तुकडे जडवलेले होते. आऱ्यांच्या चाकाचा जुन्यातला जुना पुरावा सध्या उरल पर्वताच्या पूर्वेकडील सिंताश्ता संस्कृतीतील थडग्यांत मिळतो. तो इ. स. पूर्व २००० च्या आसपासचा आहे.

आरे कशासाठी? ‘वजन कमी करण्यासाठी’ हे उत्तर खरे, पण अपुरे आहे. हिशोब करून पाहू. बाभळीच्या लाकडाची घनता घनमीटरला सुमारे ८०० किलो धरा. ७० सेंटिमीटर व्यासाचे, १० सेंटिमीटर जाडीचे भरीव चाक सुमारे ३१ किलोचे होईल. व्यास दुप्पट, म्हणजे १४० सेंटिमीटर केला तर वजन चौपट, सुमारे १२३ किलो होईल. दोन चाकांचे मिळून पाव टन! बैलांनी मग माल ओढायचा की चाकेच? म्हणून भरीव चाक लहानच ठेवावे लागते, आणि लहान चाकाला खाचखळगे फार अडवतात. वाटेत ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आडवा आला, तर ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक त्यावर चढवायला चाकावरील भाराच्या सुमारे ६६ टक्के ओढ लागते. १४० सेंटिमीटरच्या चाकाला हेच काम सुमारे ४० टक्क्यांत होते. (ओढ आसाच्या उंचीवर आडवी लागते असे धरून दहावीचा विद्यार्थीही हे गणित पायथागोरसच्या प्रमेयाने सोडवू शकेल; वर्गात जरूर घ्यावे.) आसापाशी होणारे घर्षणही मोठ्या चाकाला कमी जाणवते, कारण तेथे चाकाची त्रिज्या तरफेच्या लांब दांड्यासारखी कामी येते. सारांश, आऱ्यांमुळे चाक हलके झाले यापेक्षा आऱ्यांमुळे चाक मोठे होऊ शकले, हे अधिक महत्त्वाचे.

आता एक कोडे. आऱ्यांचे चाक आपल्याकडे नवे नव्हते. ऋग्वेदात अर, नाभी, नेमी हे शब्द येतात. आपला ‘आरा’ त्या ‘अर’चाच वंशज. देवळांचे रथ, सरदारांची वाहने, तोफांचे गाडे यांना आऱ्यांची चाके होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूरला इंग्रजांची छावणी होती, तेथल्या तोफाही अशाच चाकांवर फिरत. तरीही त्या सुमारास याच भागातील कुणब्याकडे मालवाहतुकीसाठी हलकी गाडी जवळजवळ नव्हती. जे थोडे गाडे होते ते ठेंगणे, अवजड, भरीव चाकांचे. ते ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि त्यांचा उपयोग शेतावर खत नेणे, दगड वाहणे असा शिवारापुरता. दूरचा व्यापार चाले तो बैलांच्या पाठीवरून. वंजारी-लमाणांचे तांडे धान्य, मीठ, कापूस घेऊन हजारो बैलांनिशी देशभर फिरत.

याला मागासलेपण म्हणून मोकळे होणे सोपे आहे. काही इंग्रज अधिकाऱ्यांनी तेच केले. पण भीमा-घोडेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात कोणतेही चाक रुतते, ओढ्या-नाल्यांवर पूल नव्हते आणि कोकणात उतरायला घाटातून पायवाटा होत्या. गोणी लादलेला बैल या सगळ्यातून वाट काढतो. चाकाला मात्र स्वतःचा रस्ता लागतो. रस्ता नसताना चाक वापरणे हेच अशास्त्रीय ठरले असते. लमाणाने केलेली निवड त्याच्या परिस्थितीत अचूक होती.

रस्ते आले तेव्हा चित्र बदलू लागले. बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता १८३० साली, जॉन माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला. पुण्याहून पूर्वेकडे पाटस, इंदापूरमार्गे सोलापूरकडे जाणारी वाटही सुधारू लागली. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या जमीनमोजणीचे काम सुरू झाले. मोजणी खात्यातील या मंडळींच्या ध्यानात आले की सारा कमी केला तरी माल बाजारात नेण्याची सोय नसेल तर शेतकऱ्याच्या हाती पैसा येणार नाही. त्यांच्यापैकीच लेफ्टनंट गेसफर्ड याने सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णी येथे गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. आऱ्यांची उंच चाके, दोन बैलांना झेपेल असे वजन आणि कुणब्याला परवडेल अशी किंमत, हा त्याचा हेतू होता. यात ‘शोध’ म्हणावे असे काहीच नव्हते. सुतार इथले होते, लाकूड इथले होते, आरे तर वेदकाळापासूनचे. नवी होती ती गरज, आणि नवा होता रस्ता. शास्त्राच्या इतिहासात गेसफर्डचे नाव सापडणार नाही. आमच्या दृष्टीने मात्र ते चाकाच्या इतिहासातील एक मोलाचे पान आहे.

त्यानंतर रेल्वे आली. १८५८ मध्ये ती पुण्याला पोचली, दौंडवरून पुढे जात १८६० साली सोलापूरला, आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड फाटा निघाला. रेल्वे आली की बैलगाड्या संपतील असे कोणालाही वाटावे. घडले उलटे. स्टेशनापर्यंत माल आणायला गाडीच लागे. गाड्या वाढल्या, बुडाले ते तांडे. शेकडो वर्षे धान्य वाहणाऱ्या त्या लोकांचा धंदा एका पिढीत गेला.

या काळात स्थिरावलेली गावची गाडी आपल्यातील अनेकांनी पाहिली आहे. मध्ये जाड तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वक्र पुठ्ठे, आणि सर्वांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. लाकडाचे सगळे सांधे सुतार करी. त्यांना एकजीव करण्याचे काम लोहाराचे. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धूर, वाफ, लाकडाचा करकर आवाज, आणि चाक आवळले गेले! गणित असे : १४० सेंटिमीटर व्यासाच्या धावेचा परीघ सुमारे ४४० सेंटिमीटर. लोखंडाची लांबी प्रत्येक अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे १२ भाग वाढते. तापमान ६०० अंशांनी वाढले तर परीघ ३ सेंटिमीटरहून थोडा अधिक वाढेल, म्हणजे व्यास सुमारे १ सेंटिमीटर. एवढ्या फटीत लोहाराला सारे काम उरकायचे असते. निवल्यावर धाव ताणलेली राहते आणि लाकूड दाबलेले. म्हणून चाकाला एकही खिळा नसला तरी चालते. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की आरे खुळखुळू लागतात. गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवायची जुनी रीत त्यावरचाच उपाय होता. प्रसरणाचा धडा शिकवताना रेल्वेच्या रुळांतील फटीचे उदाहरण आपण नेहमी देतो. आता रूळ जोडून सलग केलेले असल्याने ती फट मुलांना फारशी दिसतही नाही. धावेचे उदाहरण त्याहून सरस आहे, कारण तेथे प्रसरण ही अडचण नाही, हत्यार आहे.

हेच हत्यार दौंड जंक्शनातही वापरात होते. वाफेच्या इंजिनांच्या चाकांवर पोलादी धाव अशीच तापवून चढवलेली असे. त्या चाकांना आरेही होते. आणि आज? बंगळूरजवळच्या येलहंका येथील रेल्वेच्या कारखान्यात १९८० च्या दशकापासून ओतीव पोलादाची अखंड, बिनआऱ्यांची चाके बनतात. धाव सैल होण्याची भीती नाही, देखभाल कमी. गुळगुळीत रुळावर मोठ्या व्यासाची गरज नाही, खाचखळगे नाहीत. म्हणून दायमाबादचे भरीव चाक पोलादात परतून आले! भरीव म्हणजे जुने आणि आऱ्यांचे म्हणजे प्रगत, अशी शिडी मुलांसमोर उभी करणे आता तरी सोडावे.

आऱ्यांच्या चाकातही एक मोठा पालट झाला, आणि तो सायकलीमुळे. गाडीच्या चाकात भार तुंब्यापासून खालच्या आऱ्यांवर दाबाने येतो. दाब सोसायचा तर आरा जाड हवा, नाहीतर तो वाकतो. तार मात्र ताण उत्तम सोसते. तारांवर टांगलेल्या चाकाची कल्पना इंग्लंडात जॉर्ज केली याने १८०८ साली, उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून मांडली होती. पॅरिसच्या यूजीन मेयर याने १८६९ मध्ये ती सायकलीत आणली. १८७४ साली जेम्स स्टार्लीने तारा सरळ केंद्रातून न काढता तिरप्या, स्पर्शरेषेच्या दिशेने ओवल्या, त्यामुळे पायडलचा पीळही चाकाला सोसू लागला. दोन मिलिमीटर जाडीची तार माणसाचे वजन पेलते याचे मुलांना नवल वाटते. त्यामागील युक्ती धावेचीच, फक्त उलटी. धावेने आरे आधीच दाबून ठेवलेले असतात. सायकलीत तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात. भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, इतकेच. शाळेत एखादी सायकल उलटी करून तार बोटाने छेडावी आणि सूर ऐकावा. मग सायकल सरळ करून कोणाला तरी बसवावे आणि तळाची तीच तार पुन्हा छेडावी. सूर उतरलेला कानांना कळतो.

उरला हवेचा प्रश्न. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, आणि तेही घोडागाड्यांसाठी. पण तेव्हा रबर महाग आणि गिऱ्हाईक नाही. चाळीस वर्षांनी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट पुन्हा केली. १८८८ साली त्याला पेटंट मिळाले, थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर ते रद्दही झाले. तोवर सायकलीचा बाजार तयार होता, म्हणून डनलॉपचे नाव राहिले. हा डनलॉप व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर होता. पुढे हवेच्या टायरची बैलगाडी आपल्याकडे अनेक भागांत ‘डनलॉप गाडी’ म्हणून ओळखली गेली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

आता त्या विद्यार्थ्यांचा प्रश्न. डोंगरी सायकलीचा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मॅरिन परगण्यात सुरू झाला. तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या, २६ इंची पोलादी चाकांच्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळायला सुरुवात केली. दशकाच्या अखेरीस त्याच मापाच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या कडा मिळू लागल्या. सायकल बरीच हलकी झाली आणि ओल्या कडेवर ब्रेकही बरे लागू लागले. कडेतील वजनाचा वेगळा हिशोब असतो हे खरे : वेग वाढवताना कडेचा ग्रॅम जवळजवळ दोन ग्रॅमांइतका जाणवतो, कारण तो पुढेही जातो आणि फिरतोही. पण एकसारख्या वेगाने चढ चढताना ग्रॅम म्हणजे ग्रॅम, तो कडेत असो की दप्तरात. जाहिरातींत हे सांगत नाहीत. शिरूर-दौंडच्या कच्च्या वाटेवर तर चाकाचा खरा शत्रू वजन नव्हे, बाभळीचा काटा. पातळ, हलके टायर घेऊन रोज पंक्चर काढण्यापेक्षा जाड टायर, मिश्रधातूची रुंद कड आणि पुरेशा, समान ताणलेल्या ३२ किंवा ३६ तारा हा शहाणपणाचा मार्ग. तार तुटली तर तालुक्याच्या दुकानात मिळेल अशीच हवी. हलके, टिकाऊ आणि स्वस्त हे तिन्ही एका चाकात फारसे नांदत नाहीत. याच भागात भरणाऱ्या बैलगाडा शर्यतींतही हे दिसते. शर्यतीचा गाडा नावाने ‘गाडा’, पण मालाच्या गाडीहून फार हलका असतो. त्याला ओझे वाहायचे नसते, काही सेकंदांत घाट चढायचा असतो.

ओझे वाहण्याची गोष्ट मात्र वेगळ्या दिशेने गेली. कालव्यांचे पाणी आल्यावर दौंड आणि शिरूर तालुक्यांत ऊस पसरला. पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बीड आणि नगरकडून येणाऱ्या तोडणी कामगारांच्या टोळ्यांची विभागणीच चाकांवरून होऊ लागली. स्वतःची लाकडी चाकांची गाडी आणणारे ते ‘गाडी सेंटर’. बैल स्वतःचे पण टायरची गाडी कारखान्याची, ते ‘टायर सेंटर’. ट्रकमध्ये डोक्यावरून मोळ्या भरणारे ते ‘डोकी सेंटर’.

टायर आणि बॉल बेअरिंग लावल्यावर बैलांची ओढ कमी होते हे भौतिकशास्त्र सरळ आहे. कायद्यानेही त्याची नोंद घेतली. ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत दुचाकी गाडीसाठी साध्या चाकाला जेवढा भार मंजूर आहे, त्याच्या दीडपट हवेच्या टायरला आणि दुप्पट बॉल बेअरिंगला मंजूर आहे. म्हणजे चाक सुधारल्याने जी ओढ वाचली, ती नियमाने तेथेच भाराच्या रूपाने परत घेतली. प्रत्यक्षात तर उसाच्या गाडीवर दोन टनांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक ऊस रचलेला दिसतो. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात देशातील बैलगाड्यांचा प्रश्न हाती घेतला. गाड्या सुमारे दीड कोटी आहेत असे त्या वेळी मानले जाई. टायरइतकाच भर त्यांनी जुवावर दिला, कारण बैलाची मान सोलवटते ती तेथे.

आणखी एक गोष्ट चाकातच दडलेली आहे. धावेची जुनी गाडी उतारावर आपल्याच घर्षणाने अडत असे. टायरची गाडी तशी अडत नाही, आणि बहुतेक टायरगाड्यांना ब्रेक नसतो. उतार आला की दोन टन ऊस मागून ढकलू लागतो, आणि तो सगळा रेटा जुवातून बैलांच्या मानेवर व पुढच्या पायांवर येतो. सपाटीला ओढ सोपी करणारे चाक उतारावर तेवढेच अवघड होऊन बसते. सायकलीला हलकी, सहज फिरणारी चाके बसवणारा मुलगा आधी ब्रेक तपासतो. उसाच्या गाडीला तेच करायचे तर आसावर एक साधा दाबपट्टीचा ब्रेक आणि गाडीवानाच्या हाताशी एक दांडा, एवढे गावच्या वेल्डरकडूनही होण्यासारखे आहे.